शिळेवरून भिंतीवर : मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची वाटचाल

कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, वीणा घेऊन बसलेली सरस्वती, तीन शिरांचे दत्तगुरू, राम-सीता आणि त्यांच्या पायाशी मारुती. मराठी घराच्या भिंतीवर ही रूपे इतकी रुळली आहेत की देव असाच दिसतो, असे लहानपणापासून मनात ठसते. ही रूपे घरोघर पोहोचवण्यात ज्या छापखान्याचा वाटा सर्वांत मोठा, तो रविवर्मा छापखाना. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला, १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि १९७२ पर्यंत तिथेच चालला.

मळवली मावळात, पुणे जिल्ह्यात येते. तरी कर्जत आणि खालापूर तालुक्यांना हे गाव परके नाही. मळवलीजवळच्या कार्ल्याच्या एकवीरा आईच्या दर्शनाला निघालेले इथले आगरी-कोळी भाविक कर्जतहून गाडीने घाट चढतात आणि मळवलीलाच उतरतात. मुंबईहून मळवलीला रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला कर्जत ओलांडावेच लागते. देवाचे चित्र, त्याखालचे अक्षर आणि त्यासोबतची तारीख यांना एका कागदावर आणणाऱ्या या छापखान्याची वाटचाल म्हणूनच घाटाच्या पायथ्याशीही तितक्याच आपुलकीने सांगितली जावी.

पूर्वपीठिका

छापखाना उभा राहण्याआधीच त्याची जमीन तयार झाली होती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. छापील मजकुराच्या शाईत चरबी असते, अशी सोवळे पाळणाऱ्यांची शंका होती. ती दूर व्हावी म्हणून त्यांनी शाईत तूप वापरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. धर्म आणि छपाई यांचे मराठी मुलखातले नाते जुळले ते असे, श्रद्धेचा मान राखून.

पुढे अक्षरांची बाजू जावजी दादाजी चौधरी यांनी सांभाळली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे पाडण्याचे काम शिकून त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर कोरलेल्या ठशांतून निर्णयसागरचे देवनागरी वळण घडले. ते सुबक वळण पोथ्या, पंचांगे आणि संस्कृत ग्रंथांतून देशभर गेले. चित्रांची बाजू पुण्यात उभी राहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. त्याची रंगीत शिळाचित्रे घरांत लागली. रामपंचायतन आणि पेशवाईतील पुरुषांची चित्रे विशेष लोकप्रिय झाली. पंचांग, अक्षर आणि चित्र या तिन्ही धारा वाहत होत्या. त्या एकत्र यायच्या होत्या.

स्थापना

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरमधील किळिमानूर येथे झाला. तैलरंगातील पौराणिक चित्रांनी त्यांना संस्थानिकांच्या दरबारी मानाचे स्थान मिळवून दिले. पण दरबारातले चित्र दरबारातच राहत असे. सर टी. माधवराव यांनी १८८४ साली रविवर्मांना पत्र लिहून सुचवले, की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप) काढून घ्यावेत, म्हणजे ती सामान्यांच्या हाती पडतील. मूळचे तंजावरकडचे मराठी असलेल्या माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषवले होते. छापखान्याची कल्पना या पत्रातून रुजली.

सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी रविवर्मांकडून पौराणिक विषयांवरची १४ चित्रे करून घेतली. ही चित्रे मुंबईत प्रदर्शित झाली तेव्हा ती पाहायला लोकांची रीघ लागली. देवाचे चित्र विकत घेऊन घरी लावण्याची इच्छा किती मोठी आहे, हे त्या गर्दीने दाखवून दिले. युरोपात चित्रे पाठवण्यापेक्षा इथेच छापखाना काढावा, असा निर्णय झाला. जर्मनीहून यंत्रे आली, जर्मन तंत्रज्ञ आले, गोवर्धनदास खटाव मखनजी यांची भागीदारी लाभली आणि १८९४ साली मुंबईत काम सुरू झाले. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. पाठोपाठ लक्ष्मी आणि सरस्वती आल्या आणि छापखान्याचे नाव सर्वदूर झाले.

या चित्रांतील देवी साडी नेसलेल्या होत्या, अंगभर दागिने ल्यायलेल्या होत्या आणि पाहणाऱ्याकडे थेट बघत होत्या. महाराष्ट्रातील स्त्रियांचे नेसणे रविवर्मांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या अनेक नायिकांच्या वेशात ते उतरले आणि इथल्या घरांना त्या आपल्याच वाटल्या. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांना जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही घरात आता देव येऊ शकत होता. थोड्या पैशांत मिळणाऱ्या कागदाने हे घडवले. छापखान्याच्या कीर्तीचा पाया हाच आहे.

कसोटीची वर्षे

कीर्ती वाढली तरी हिशेब जुळेना. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून गेले, कामगार मिळेनासे झाले, बाजार थंडावला. भागीदारीही टिकली नाही. छापखान्याचा कारभार रविवर्मांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा पाहत. ते स्वतः उत्तम चित्रकार होते आणि नेमाने रोजनिशी लिहीत. प्रवास, चित्रांची कामे आणि छापखान्याच्या विवंचना या सर्वांच्या नोंदी त्या रोजनिशीत आहेत. दोघे बंधू मनाने कलावंत होते. चित्रांच्या कामासाठी त्यांना देशभर फिरावे लागे. उधारी, वसुली आणि यंत्रांची देखभाल यांना रोज हजर असणारा माणूस हवा असतो. कर्ज वाढत गेले.

अशा अडचणीतच १८९९ साली छापखाना मुंबईबाहेर, मळवलीला हलवण्यात आला. जड यंत्रे, शिळांचे ढीग, कागदाची बंडले आणि शाईचे डबे यांसह एक अख्खा कारखाना घाटावर नेणे हे त्या काळी मोठेच धाडस होते. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला होता. त्याआधी रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबत असे आणि पुढचा घाट रस्त्याने चढावा लागे. लोहमार्ग झाला नसता तर मळवलीसारख्या खेड्यात एवढा छापखाना उभा राहणेच शक्य नव्हते.

जागा बदलली तरी कर्ज फिटले नाही. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रविवर्मांनी छापखाना आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला आणि त्यासोबत आपल्या चित्रांच्या छपाईचे हक्कही दिले. राजा राजा वर्मा १९०५ च्या प्रारंभी वारले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांनीही देह ठेवला. ज्यांनी हे रोप लावले त्यांना त्याची फळे पैशाच्या रूपाने मिळाली नाहीत. पण त्यांनी संस्थेला नाव दिले, विषय दिले आणि दर्जाची एक रेघ आखून दिली. नव्या मालकांनी छापखान्याचे नाव बदलले नाही, हीच संस्थापकांच्या कामाची पावती होती.

घाटमाथ्यावरचे काम

श्लायशर यांना यंत्र कळत होते आणि बाजारही कळत होता. रविवर्मांची चित्रे छापणे चालू ठेवून त्यांनी इतर चित्रकारांकडून नवी चित्रे करून घेतली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या नामवंताची चित्रेही या छापखान्यातून निघाली. शिवाय कापडाच्या ताग्यांवरची लेबले, मालाच्या वेष्टनांवरची चित्रे, जाहिराती अशी बारमाही कामे त्यांनी मिळवली. सणासुदीपुरता चालणारा व्यवसाय त्यामुळे वर्षभर चालू लागला.

त्या काळच्या कामाची रीत समजून घेतल्याशिवाय इथल्या कारागिरांच्या हातांचे मोल कळणार नाही. शिळा बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणीतल्या चुनखडकाची असे. दोन शिळांमध्ये पाणी आणि बारीक वाळू घालून त्या एकमेकींवर घासून घोटल्या जात. मग तेलकट खडूने किंवा शाईने शिळेवर चित्र उतरवायचे, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल फिरवायचे आणि शिळा ओली करून शाईचा रूळ चालवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. तेल आणि पाणी यांच्या या वैरावरच सारी कला उभी होती.

प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. लक्ष्मीच्या साडीचा लाल, कमळाचा गुलाबी, अंगाची सावळी-पिवळी छटा, दागिन्यांचा सोनेरी, पाण्याचा निळा. बारकाईच्या चित्राला दहाहून अधिक शिळा सहज लागत. तेवढ्याच वेळा तोच कागद यंत्रातून जाई आणि दर वेळी खुणेला खूण अचूक बसावी लागे. केसभर सरकले तरी ओठांचा रंग गालावर जाई. कागद दमटपणाने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. लोणावळ्याच्या पावसाळ्यात रंगाला रंग बसवणे ही कारागिरांची खरी परीक्षा होती. शेवटी चित्रावर रोगण चढवून आणि कॅनव्हाससारखी कणी उठवून त्याला तैलचित्राचे रूप दिले जाई. चित्र घरी गेल्यावरही काम संपत नसे. अनेक घरांतील बायका देवीच्या साडीवर जरीचा तुकडा चिकटवीत, मुकुटाला टिकल्या लावीत आणि मग ते काचेत बसवून घेत.

शिळा घोटणारे, रंग वेगळे करून प्रत्येक शिळेवर स्वतंत्र रेखाटन करणारे, रूळ फिरवणारे, कागद लावणारे आणि काढणारे अशा असंख्य कामगारांची नावे कुठल्याही चित्रावर नाहीत. छापखान्याचा लौकिक मात्र त्यांच्याच हातांनी वाढवला.

याच परिसराने पुढे एक वेगळा इतिहासही घडवला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी फोटोवरून शिळेवर प्रतिमा उतरवण्याचे काम केले. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला नेला आणि यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारीही केली. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांच्या चित्रपटांतील पौराणिक वेशभूषा आणि देवांची ठेवण यांवर रविवर्मांच्या चित्रांची छाप स्पष्ट दिसते.

चित्राखालचे अक्षर

या छापखान्याच्या चित्रकलेबद्दल बरेच लिहिले गेले आहे. चित्राखालच्या पट्टीकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. कागदाच्या तळाशी, चौकटीबाहेर, एक अरुंद पांढरी पट्टी असे. तीत देवतेचे नाव आणि छापखान्याचे नाव-ठिकाण येई. अनेक चित्रांवर ते ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असे इंग्रजीत आहे आणि चित्राचे नाव देवनागरीत व इंग्रजीत दिलेले आहे.

शिळाछापातील अक्षर खिळ्याचे नसे, हाताचे असे. शिळेवरची प्रतिमा कागदावर उलटी उमटते, म्हणून अक्षरेही उलटी लिहावी लागत. काना उजवीऐवजी डावीकडे, पहिली वेलांटी दुसरीच्या जागी आणि मात्रा उलट्या कलाची, असे लिहिण्यासाठी हात वेगळाच तयार व्हावा लागतो. सरळ लिहून मग शिळेवर उतरवायचा खास कागदही वापरात आला, पण शेवटची डागडुजी शिळेवर उलट्या अक्षरांतच होत असे.

खिळ्यांच्या छपाईची अडचण निराळी होती. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि पायमोडी येते. जोडाक्षरांची संख्या मोठी. जुळाऱ्यासमोरच्या खणांत शेकडो वेगवेगळे खिळे लागत. अक्षर, वरची चिन्हे आणि खालची चिन्हे वेगवेगळ्या ओळींत जुळवण्याची पद्धत मुंबईत रूढ होती. ती ‘डिग्री’ या नावाने ओळखली जाई. पुढे संपूर्ण उंचीच्या खिळ्याची ‘अखंड’ पद्धत आली. पंचांगाच्या कोष्टकात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण आणि त्यांच्या घटका-पळे बारीक रकान्यांत बसवताना जुळाऱ्याचा कस लागे. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांच्या या साऱ्या परंपरेचा इतिहास १९७१ साली ग्रंथरूपाने मांडला आणि या अज्ञात कारागिरीला अभ्यासाचे स्थान मिळवून दिले.

शिळेवरचे हस्ताक्षर मोकळे होते, खिळ्याचे अक्षर शिस्तीचे होते. धार्मिक कॅलेंडरात दोन्ही एका कागदावर आली. वर शिळाछापाचे देवचित्र, मधल्या पट्टीत दुकानाचे वा कंपनीचे नाव आणि खाली खिळ्यांनी छापलेल्या तारखांचा गठ्ठा.

कॅलेंडरचे युग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साबण, औषधे, कापड आणि बाळाच्या पोटदुखीवरचे काढे विकणाऱ्या कंपन्यांनी एक गोष्ट ओळखली. जाहिरातीचा कागद लोक फेकून देतात. देवाचा कागद कुणी फेकत नाही. देवचित्राखाली आपले नाव छापले की ते वर्षभर भिंतीवर राहते. बाळकृष्ण, लक्ष्मी आणि गणपती यांच्या चित्रांची कॅलेंडरे निघू लागली आणि रविवर्मा छापखान्याच्या चित्रांना नवी मागणी आली.

या कॅलेंडरांची मांडणी हळूहळू ठरत गेली. देवता मध्यभागी आणि समोरून दिसणारी, कारण ती दर्शनासाठी आहे. डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी भिडणारे. देवतेच्या अंगावर अक्षर कधीही यायचे नाही आणि व्यापाऱ्याचे नाव तिच्या पायांखालच्या पट्टीत, अदबीने. रविवार आणि सुट्ट्या तांबड्या, बाकी दिवस काळे. म्हणजे तारखांच्या पानाला दोन वेळा छपाई. हे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते. छापणारे आणि घेणारे यांच्या समजुतीतून ते तयार झाले आणि आजही मोडत नाहीत.

१९४० नंतर नव्या चित्रकारांची पिढी पुढे आली. गोव्यातून आलेले रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांच्या देवचित्रांनी कॅलेंडरे सजली. मुळगावकरांनी रंगाच्या फवाऱ्याने साधलेली मऊ कांती आणि तेजोवलय हे कॅलेंडरच्या देवाचे लक्षणच बनले. छपाई शिळेवरून ऑफसेटकडे गेली आणि तमिळनाडूतील शिवकाशीच्या छापखान्यांनी तयार चित्रांची कॅलेंडरे देशभर पुरवायला सुरुवात केली. खालची पट्टी कोरी ठेवलेली कॅलेंडरे गठ्ठ्याने येत आणि गावातला छापखानदार ट्रेडल यंत्रावर तीत दुकानदाराचे नाव छापून देई. देवाचे चित्र दूरवरून येई. गावाचे नाव गावातच छापले जाई.

कर्जत-खालापूर भागात या कॅलेंडरांना खास स्थान मिळाले, त्यामागे इथली दैवते आहेत. खालापूर तालुक्यातील महड येथील वरदविनायक हा अष्टविनायकांपैकी एक. सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली त्याचे देऊळ बांधले आणि तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगतात. आठही विनायक एका कागदावर मांडलेले चित्र हा कॅलेंडरांचा आवडता विषय झाला. मधोमध एक मोठा गणपती, भोवती सात, आणि प्रत्येकाखाली नाव व गाव: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. आठ मूर्तींचे शेंदरी रूप दुरून सारखेच भासते. कोणता विनायक कुठला, हे भाविकाला खालच्या अक्षरांवरूनच कळते. चित्राइतकीच अक्षराची जबाबदारी किती, हे अष्टविनायकाच्या कागदाइतके दुसरे कुठलेही चित्र दाखवत नाही.

आगीचे वर्ष आणि नवा टप्पा

काळ बदलला तरी मळवलीचे काम चालू राहिले. श्लायशर यांच्यानंतरच्या चालकांनीही छापखाना नेटाने चालवला. १९७२ साली मात्र कारखान्याला भीषण आग लागली आणि तो जळून खाक झाला. रविवर्मांच्या चित्रांचे कितीतरी मूळ छाप त्या आगीत गेले. ७८ वर्षांची संस्था अशी थांबली.

त्याच वर्षी पुरावस्तू आणि कलानिधींच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याखाली १९७९ साली रविवर्मांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला आणि त्या देशाबाहेर नेण्यास बंदी आली. छापखाना राहिला नाही, पण ज्याच्या नावाने तो चालला त्याचे काम देशाची ठेव ठरले.

आणि आगीच्या पुढच्याच वर्षी, १९७३ साली, मुंबईत जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. मालवणात जन्मलेल्या, पंचांग आणि ज्योतिषाच्या व्यासंगी साळगावकरांनी धार्मिक कॅलेंडरला नवे रूप दिले. आतापर्यंत चित्र मोठे आणि तारीख लहान असे. इथे तारीख मोठी झाली. प्रत्येक दिवसाच्या चौकटीत ठळक आकडा, त्याभोवती तिथी, नक्षत्र, सण-उत्सव आणि जयंत्या-पुण्यतिथ्या बारीक पण वाचनीय अक्षरांत बसवल्या गेल्या. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ दिली गेली. विविध धर्मांचे सण एकाच पानावर आले आणि पानाच्या मागची कोरी बाजू लेख, पाककृती आणि आरोग्याच्या मजकुराने भरली. ज्योतिषाला विचारून कळणारे पंचांग आता ज्याला अक्षरओळख आहे त्या प्रत्येकाला वाचता येऊ लागले. मराठीनंतर इतर भाषांतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. मळवलीच्या छापखान्याने देव घरात आणला. दिनदर्शिकेने त्याचा दिवस आणि वेळ घरात आणली. दोन संस्था वेगळ्या, पण काम एकाच परंपरेतले.

अक्षरांची नवी घडण

१९८० नंतर खिळे आणि खण मागे पडले आणि संगणक आला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी पायाभूत काम केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ गावोगावच्या डीटीपी केंद्रांत पोहोचली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ टंक संगणकासोबतच येऊ लागला. कमल शेडगे यांनी शीर्षकाच्या अक्षरांना भाव दिला आणि अच्युत पालव यांनी सुलेखनाची चळवळ उभी केली. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे देवनागरी टंक सर्वांना विनामूल्य खुले करून दिले.

या प्रगतीचा लाभ छोट्या गावांना झाला. आज कर्जत, नेरळ, खोपोली, चौक इथली पतपेढी, सराफ किंवा गणेशोत्सव मंडळ स्वतःची दिनदर्शिका स्थानिक डीटीपीवाल्याकडून मांडून घेऊ शकते. वर वरदविनायक, कडावचा बालदिगंबर, एकवीरा आई किंवा खोपोलीच्या मठातील गगनगिरी महाराज, आणि खाली गावच्या यात्रा व उत्सव. शिवकाशीच्या तयार कॅलेंडरात गावच्या यात्रेला जागा नव्हती. ती आता मिळाली. मांडणी करणाऱ्या या माणसांना जुन्या नियमांची आठवण ठेवावी लागते. ऑफसेटवर दहा शिळा लागत नाहीत, पण देवतेच्या चेहऱ्यावर मजकूर आला तर गिऱ्हाईक आजही कागद परत करते. आजीला चष्म्याशिवाय चतुर्थी दिसली पाहिजे, ही कसोटीही बदललेली नाही.

आजचे स्थान

रविवर्मा छापखान्याचे छाप आज संग्रहालयांत, अभ्यासकांच्या संग्रहांत आणि लिलावांत मानाने मिरवतात. भारतीय दृश्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्या कोणालाही या छापखान्याला टाळून पुढे जाता येत नाही. चित्रपट, नाटकाचे पडदे, गणपतीची आरास, मूर्तिकारांचे साचे या सर्वांत त्याने घडवलेली देवरूपे वावरत आहेत. जिथे चित्रे सर्वाधिक जपली गेली ती ठिकाणे मात्र सामान्य घरे आहेत: देवघराची भिंत, किराणा दुकानातली गल्ल्यामागची जागा, जुन्या वाड्यातली माजघराची चौकट.

रायगडच्या दमट हवेत कागद टिकवणे सोपे नाही. काचेला चिकटलेले चित्र बुरशीने खराब होते, मागचा लाकडी पुठ्ठा आम्लाने कागद पिवळा पाडतो आणि रोगण काळवंडते. त्यामुळे चित्र काच आणि पुठ्ठा यांपासून थोडे सुटे ठेवणे, भिंतीची ओल लागू न देणे आणि थेट उन्हापासून दूर टांगणे एवढी काळजी प्रत्येक घर घेऊ शकते. चौकट बदलताना तळाची पट्टी कापून टाकण्याची चूक मात्र होता कामा नये. आगीने छापखान्याची संपत्ती गेली. छापखाना कुठे होता, त्याने काय छापले आणि कोणत्या नावाने छापले, याचा मोलाचा पुरावा आज त्या पट्टीतील अक्षरांत उरला आहे.

माधवरावांच्या एका पत्राने सुरू झालेली ही वाटचाल रविवर्मा बंधूंच्या कर्जातून, प्लेगच्या साथीतून आणि आगीतून गेली. त्यात राजे होते, दिवाण होते, जर्मन तंत्रज्ञ होते, शिळा घोटणारे मजूर होते, उलटी अक्षरे लिहिणारे कारागीर होते आणि खिळे जुळवणारे जुळारी होते. संस्थापकांना तोटा झाला, समाजाला ठेवा मिळाला. दर डिसेंबरात कर्जत-खालापूरच्या घरांत नवी दिनदर्शिका येते, तेव्हा देव वर, तारीख खाली आणि गावाचे नाव पट्टीत, ही मांडणी तशीच असते. ही मांडणी उभी करण्यात आपल्या घाटमाथ्यावरच्या या छापखान्याचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचे ऋण नावानिशी मान्य करणे हे आपले कर्तव्य आहे.